ज्वारीत पुरलेली बरणी

मी पाच वर्षं घरात दारू केली आणि पाचही वर्षं तिला औषध म्हटलं. आता वय झालंय, कुणाची भीडभाड उरलेली नाही, म्हणून सरळ लिहिते. द्राक्षासव ही दारूच असते. मनुकांची, गुळाची, आंबवलेली, चांगली कडक दारू. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आमच्या आबांना रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर बसलेलं बघायला हवं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. केळीचे मळे, दोन विहिरी, गावात शब्दाला वजन. साठच्या दशकातली मधली वर्षं होती ती, दारूबंदी कडक होती, आणि आबा तालुक्याच्या दारूबंदीच्या सभांमध्ये बोलायला जायचे. फार सुंदर बोलत. मी घरात भाकरी थापताना ऐकलेलं आहे, कारण सभेच्या आदल्या दिवशी ते मागच्या अंगणात फेऱ्या मारत तालीम करायचे. माझं माहेर धुळ्याचं. यजमान चाळीसगावला नोकरीला, महिन्यातून एकदा घरी येत. सासूबाई गेलेल्या. म्हणजे घरात आबा, मी, आणि आबांचं पित्त.

त्या पित्तासाठी द्राक्षासव लागायचं. माझ्या आईला ते करता येत होतं, म्हणून लग्नातच ठरून गेलं की सुनेलाही येत असणार. मला येत नव्हतं. आईकडून कागदावर लिहून आणलं. काळ्या मनुका खलात ठेचायच्या, पाण्यात घालून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायच्या, फडक्यातून पिळून गाळायच्या. त्यात गूळ विरघळवायचा, दालचिनी, वेलदोडा, पिंपळी आणि धायटीची वाळलेली लाल फुलं घालायची. चिनी मातीच्या बरणीला आतून तूप फासून धूप दाखवायचा, पाऊण बरणी भरायची, तोंडाला फडकं बांधून वरून चिखल लिंपायचा. मग ती बरणी दादरीच्या राशीत, म्हणजे रब्बीच्या ज्वारीत, गळ्यापर्यंत पुरून महिनाभर विसरून जायचं.

पहिल्या वर्षी मी सगळं कागदाबरहुकूम केलं आणि महिन्याने बरणी उघडली तर आत गोड, निपचित पाणी. वर बुरशी. आबांनी नुसतं ताट सरकवलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आसव आंबवणारी ती धायटीची फुलं मी आठवडी बाजारातून घेतली होती. सातपुड्यातून एक पावरा आदिवासी बाई उतरून यायची. डिंक, चारोळी, धायटीची फुलं घेऊन बसायची. वयाने माझ्या आईएवढी, मी तिला मावशी म्हणायचे. पुढच्या होळीनंतर मी तिच्यापाशी जाऊन भांडले. म्हटलं, तुझी फुलं मेलेली होती. तिने शांतपणे विचारलं, कसं केलंस ते सांग. मी सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"गरममां टाकी दिधं?"

"मग? कागदावर तसंच लिखेल शे."

"अव बाई, फूल जितं ऱ्हास. गरममां टाकं ते मरी गयं. पाणी गार होऊ दे. हात घाल, हातले गार लागनं का मंग फूल टाक."

एवढंच. आईच्या कागदावर नव्हतं, वैद्यांच्या पुस्तकात असेलही, पण मला सांगितलं तिने. त्या वर्षी आठव्या दिवशी धान्याच्या खोलीत गेले, राशीत वाकून बरणीला कान लावला, तर आत बारीक बारीक आवाज. पावसाआधी मुंग्या पानावरून चालाव्यात तसा. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. पुढे तिने काडीची खूणही शिकवली. बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरायची. विझली तर आत काम चालू आहे, पेटती राहिली तर झालं. तिच्याकडे मोहाची मडकी होती, त्यांनाही ती तीच काडी दाखवायची. हे तिने कधी लपवलं नाही आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मनुका आंबवत होते, ती मोहाची फुलं आंबवत होती.

आबांचं पित्त मात्र त्या वर्षापासून फारच वाढलं. आधी दोन पळ्या, मग फुलपात्र, मग थेट पितळी लोटी. लोटी झाली की आबा ओट्यावर बसून दिलदार व्हायचे. गड्यांना दुसऱ्या दिवशीची सुट्टी देऊन टाकायचे आणि सकाळी ती काढून घ्यायचे. हे सगळं गावाला दिसत होतं. कुणी दारू म्हटलं नाही.

पाचव्या वर्षीचा चैत्र होता. बरणी राशीत चौथा आठवडा काढत होती. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या अंगणात पोलिसांचा जमादार आला, त्याच्यामागे एक शिपाई, आणि शिपायाच्या पुढे मावशी. डोक्यावर एक मडकं, कमरेवर एक. तिचीच मडकी तिलाच वाहायला लावली होती. आत मोहाचा सडवा, आंबायला घातलेला. गाळायला अजून अवकाश होता. भट्टी नाही, नळी नाही, काही नाही. भिजलेली फुलं.

जमादार घाटावरचा, बोलायला गोड. त्याला पंच म्हणून सह्या हव्या होत्या. पंचनाम्यात लिहिलेलं असतं की आम्ही जागेवर हजर होतो, समक्ष पाहिलं. जागा वर डोंगरात, दोन तासांच्या चालीवर, आणि आबा त्या वेळी खाटेवर पडून केळीचं पान वाऱ्याला हलवत होते. पण आबा दर वेळी सही करायचे. दुसरी सही पोलीस पाटील करायचा, आणि तो आबांची झाल्याशिवाय करत नसे. म्हणजे सगळं आबांच्या बोटांत होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर जमादार दोन शिव्या देऊन तिला सोडून गेला असता. असं आधी दोनदा झालेलं मी पाहिलं होतं. तेव्हा पकडलेले गडी आमच्या मळ्यातले होते.

मावशी अंगणात उकिडवी बसली. आबांनी विचारलं, "कसाले करं व बाई?"

"आंडेरनं लगीन शे, आबा. आठ दिवसमां. देवले लागस. पाव्हणास्ले लागस."

तिच्या मुलीचं लग्न. त्यांच्यात मोहाची धार देवापुढे सोडल्याशिवाय लग्न लागत नाही, आबांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा सगळा जन्म त्या डोंगराखाली गेलेला. जमादाराने कागद पुढे केला. आबांनी चष्मा मागितला. मी दाराआडून बघत होते. मावशीने एकदाच दाराकडे पाहिलं. तिला माहीत होतं की आत बरणी आहे, कारण त्या बरणीतली फुलं तिची होती. तिने तोंड उघडलं असतं तर तिला कुणी अडवणार नव्हतं. तिने नजर पुन्हा मडक्यांकडे वळवली.

मग माझं डोकं फिरलं. अजूनही तो क्षण आठवला की कानशिलं गरम होतात. धान्याच्या खोलीत गेले, दोन्ही हातांनी दादर उपसली, बरणी ओढून काढली. बारा शेरांची बरणी, पण त्या वेळी वजन लागलंच नाही. पदर डोक्यावरून घसरला तो सावरला नाही. परक्या पुरुषांपुढे मी कधी ओट्यावर आलेली नव्हते. बरणी जमादारापुढे आपटली.

"हाई बी लिखा," मी म्हटलं. "हाई बी आंबाडेल शे. येन्हामां बी तिनाच फूल शेतस."

आबांचा हात चष्म्यावर तसाच राहिला. शिपाई जमिनीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. दोघींना धरून नेतील, किंवा दोघींना सोडतील. माझ्या डोक्यात तिसरं काही नव्हतं.

जमादाराने चिखल खरवडला, फडकं सोडलं, वास घेतला. मग मला म्हणाला, "वहिनी, एक भांडं द्या." मी दिलं नाही. तर शिपायाने पाण्याच्या माठावरचा पेला आणून दिला. जमादाराने पेलाभर घेतलं, जिभेवर घोळवलं, गिळलं आणि डोळे मिटले.

"वा! काय उतरलंय! वहिनी, आमच्या मंडळींना बाळंतपणापासून अशक्तपणा आहे. एक बाटली भरून द्याल का?"

आणि हसले. जमादार हसला, शिपाई हसला. आबाही हसले. "औषध शे ते," आबा म्हणाले, "सुनेले काई समजस नही. पोर शे अजून." आणि त्यांनी सही केली. ठसठशीत, शेवटी रेघ ओढून.

शिपायाने एक बाटली सडवा नमुना म्हणून भरून घेतला आणि बाकीचा आमच्याच अंगणात ओतला. मावशी त्या ओल्या मातीकडे बघत बसली होती. उठताना तिने रिकामी मडकी उचलायला हात पुढे केला, तर शिपायाने लाथेने ती फोडली. त्याची काहीच गरज नव्हती. कोंबड्या धावत आल्या. मावशीला घेऊन ते चोपड्याच्या रस्त्याला लागले, आणि जमादाराच्या काखेत माझी बाटली होती. ती आबांनी स्वतः भरून दिली, नीट बूच लावून.

संध्याकाळी आबा मला म्हणाले, "मी तिले सोडाले लावणारच व्हतू. चष्मा कसाले मांगा? येळ काढाले. तू बरणी बाहेर लई उनी आनि मना हात बांधाई गया. सही करी नसती ते लोक काय म्हणतीन? आपलं दपाडाले तिले सोडं म्हणतीन."

आपलं लपवायला तिला सोडलं असं लोक म्हणतील, हे वाक्य त्यांनी म्हटलं आणि लोटी पुढे केली. त्या दिवशीसुद्धा. मी लोटी भरून दिली. हो, दिली. सगळा शूरपणा दुपारीच संपला होता.

त्या वाक्यावर मी पन्नास वर्षं चिडलेली आहे. खोटं बोलले आबा, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. चष्मा त्यांना खरंच लागायचा. कागद वाचल्याशिवाय ते कधी सही करत नसत. पण मळ्यातल्या गड्यांना सोडवलं त्या दोन्ही वेळी त्यांनी आधी चष्मा मागितला होता, हेही मला आठवतं. हेच मला सहन होत नाही. मेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि जिवंत होते तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन गप्प होते. माझ्या रागाने तिला सोडवलं नाही एवढं नक्की. माझ्या रागाने तिला अडकवलं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ती सहा-सात दिवसांनी सुटली असं बाजारात कुणीतरी सांगितलं. पुढचे कित्येक महिने ती दिसली नाही. मला वाटलं, आता ती या बाजारात येणार नाही आणि आली तर माझ्या तोंडावर थुंकेल. पुढच्या होळीनंतर मी बाजारात गेले तर तिच्या जागी ती बसलेली. पुढे डिंक, चारोळी, धायटी. अंगाने खंगली होती. मला पाहून तिने फुलांची पुडी बांधायला घेतली, जशी दर वर्षी बांधायची.

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. शेवटी विचारलं, "लगीन झायं का, मावशी?"

"झायं ना."

"मंग देवले..."

"पाणी दिधं," ती म्हणाली. "काय करसू? नवरदेव दारशी उभा व्हता. देवले पाणी दाखाडं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला हलकं वाटलं असतं. पुडी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "गार होऊ देजो, बाई. घाई करू नको."

मी ती पुडी घरी आणली. मनुका आणल्याच नाहीत, बरणी घासून माळ्यावर पालथी टाकली. आबांनी पंधरा दिवस वाट पाहिली. मग एका रात्री पाटावर बसल्या बसल्या लोटी वाजवली आणि विचारलं की यंदा बरणी राशीत दिसत नाही, काय झालं. मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून उठले, माठातलं पाणी लोटीत ओतलं आणि त्यांच्या ताटाशी ठेवलं.

"आबा," मी म्हटलं, "तिना देवले पाणी चालनं. तुम्हले बी चालई."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लोटी उचलली, तोंडाला लावली आणि सगळं पाणी प्यायले. मग रिकामी लोटी बाजूला ठेवून भाकरी मागितली. तव्यावरची एका बाजूने करपली होती, मी तीच वाढली.