हिरवे नाना, अर्धे नाना

आमचे वडील, नाना, वारले तेव्हा घरात त्यांचा लावण्याजोगा एकही फोटो नव्हता. काँप्युटर समजणारा माणूस मात्र होता. तो मी.

समजणारा म्हणजे काय, तर आमच्या जळगावच्या गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला की मला हाक मारतात. (नंतर तो दुकानातच न्यावा लागतो, पण हाक आधी मलाच!) त्यामुळे नानांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, खुर्चीवर ठेवायच्या फोटोचं काम माझ्याकडे आलं. आधारकार्डावरचा मोठा करून आणतो म्हटलं, तर आई भडकली. तिचं माहेर धुळ्याकडचं. दुःखात आणि रागात ती अहिराणीच बोलते.

"तो नको! त्यामा त्या चिडेल दिखतस. माले हासता फोटो पाहिजे."

नाना कॅमेऱ्यासमोर हसले ते एकदाच. फैजपूरला ताईच्या शेतात केळीच्या घडाला त्यांची टोपी अडकून वरच राहिली, आणि ते स्वतःच खदखदून हसले. तो फोटो ताईने 'तुझ्याकडे नीट राहील' म्हणून माझ्या काँप्युटरमध्ये टाकायला लावला होता.

मी फोल्डर उघडलं. तो फोटो उघडेना. शेजारचा उघडेना. एकही उघडेना!

"आई, सगळे फोटो करप्ट झालेत."

"करपी ग्यात?" तिने कपाळावर हात मारला. "बठ्ठा? इतला तापस का तुना काँप्युटर?"

करप्ट म्हणजे करपणं नव्हे, हे मी समजावत बसलो. स्मशानातून येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मी त्या माउलीला सांगत होतो की नाना करपले नाहीत, फक्त उघडत नाहीत! मग आम्ही दोघंही रडलो.

डोळे पुसून मी फोटो दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. बराच वेळ नुसतं चाक फिरत राहिलं. अखेर पडद्यावर नाना आले. अख्खे, हसरे, बोडक्या डोक्याचे आणि कच्च्या केळीसारखे हिरवेगार!

आई स्टूल ओढून बसली. बघतच राहिली. "हासी ऱ्हायनात रे!"

"थांब, रंग नीट करतो."

"ऱ्हाऊ दे. हिरवा तं हिरवा. चालतीन माले."

शहाणा माणूस इथे चहा प्यायला उठला असता. पण पाहुणे काय म्हणतील? 'नाना नेमके कशाने गेले हो?' मी पुन्हा 'दुरुस्त करा' दाबलं आणि जे आलं ते त्याच फाइलवर सेव्ह केलं. न बघता! रंग झकास आला. टक्कल, भुवया, डोळे, नाक... आणि नाकाखाली सगळं करडं. सपाट. नव्या सिमेंटच्या रस्त्यासारखं.

"तोंड कोठे शे?" आईने विचारलं.

मी फोटो खालीवर सरकवून बघितला.

"हासू तं खालेच व्हतं ना रे?"

मागे जायचं बटण दाबून दाबून माझं बोट दुखलं; हिरवे नाना काही परत येईनात. एकदा गेलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा घालवलं होतं!

ताईला फोन लावला. "तुझ्याकडे असेल ना गं तो फोटो?"

"तुझ्याकडे नीट आहे म्हणून माझ्याकडचा पुसला!" म्हणत तिने फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला.

मग मोबाइलवरच्या एका अ‍ॅपला शरण गेलो. फोटोचा हरवलेला भाग ते स्वतःच्या मनाने भरून देतं म्हणे. त्याने नानांना वरखाली शुभ्र दातांची रांग दिली. (खऱ्या नानांचे पुढचे दात सुपारीने कधीच नेले होते.) आईने चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला.

"हाऊ कोन शे?"

"नाना."

"हाऊ तं मत मांगाले येल शे!"

झालं! गंधमुक्तीच्या सकाळी मी निमूटपणे तो अर्धा फोटोच फ्रेम करून आणला. आईने एकदा बघितलं, हात फिरवला आणि म्हणाली, "हार मोठा लई ये."

झेंडूचा असा जाड हार आणला की तो थेट नानांच्या नाकाला भिडला. करडं सगळं झाकलं गेलं. धुळ्याहून आलेले मोठे काका फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले. "वा! डोळ्यांतूनच हसतोय बघा माझा भाऊ!" आई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून बसली.

पण झेंडू वाळतो, आणि वाळला की आक्रसतो. म्हणून मी रोज सकाळी ताजा, जाडजूड हार घेऊन येतो. गल्लीतले लोक आता आपापल्या पोरांना माझं उदाहरण देतात, "बघा, बापाला एक दिवस शिळं फूल घालत नाही. असा मुलगा पाहिजे!"

मी नम्रपणे मान खाली घालतो. बोलायला तोंड उघडलं, तर नानांना ते नाही हे सांगावं लागेल!