बकुळा उबाळे यांचा इंग्रजीचा पेपर

बकुळा उबाळे दहावीच्या इंग्रजीत दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा त्यांचं पाठांतर पक्कं होतं.

बाजारातल्या गाइडाच्या शेवटच्या पानांवर रोजच्या वापरातली क्रियापदं आणि पुढे समानार्थी शब्द छापलेले असत. ‘टेक’पुढे सीझ, ग्रास्प, कॅप्चर, रिसीव्ह, ॲक्सेप्ट अशी रांग होती. बकुळाबाईंनी ती बुद्धवंदनेसारखी तोंडपाठ केली होती. साधा शब्द लिहिला तर मार्क कमी मिळतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्या निबंधातल्या आजारी आईने औषध घेतलं नाही, कॅप्चर केलं.

तिशीला टेकल्यावर दहावीला बसण्याची वेळ आली ती नवऱ्यामुळे. शंकर उबाळे एका सरकारी खात्याच्या उल्हासनगरच्या कार्यालयात शिपाई होते. १९८६ साली कावीळ होऊन ते गेले. खात्याने त्यांच्या जागी बायकोला घ्यायची तयारी दाखवली. नववी शिकलेल्या बाईला सफाईची जागा लगेच मिळत होती. दहावी झाल्यास कारकुनाची. साहेब भले होते. त्यांनी कारकुनाची जागा धरून ठेवली, पण ८९ साल संपेपर्यंतच. त्यानंतर जे असेल ते घ्यावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सासूबाई सुंदराबाईंनी झाडूवरच उमेदीची वर्षं काढली होती. अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या दोन खोल्यांत या विषयावर एकदाच बोलणं झालं. “झाडू मी धरला तेवढा पुरे,” त्या म्हणाल्या. “तू धरणार असशील तर मी या घरात राहत नाही. लेकीकडे जाते.”

बकुळाबाई तेव्हा उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या कारखान्यातून शर्ट आणून घरी काजं-बटणं करत होत्या. त्यातच अभ्यास चालायचा. गणित सुटलं, बाकीचे विषय सुटले. इंग्रजी राहिलं.

शंकरचे मित्र भीमराव वाहुळ आनंदनगरच्या एका कंपनीत टर्नर होते. दर रविवारी दुपारी ते विहाराच्या हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. त्यांचं स्वतःचं इंग्रजी कंपनीत साहेबांचं ऐकून आणि पडेल ते वाचून आलेलं. उच्चार कधीकधी चुकायचे आणि कुणी दाखवून दिलं की ते चिडायचे. पण शिकवण्याची त्यांची एक रीत होती. एकेका क्रियापदावर ते महिना काढत. बकुळाबाई वर्गात आल्या तेव्हा ‘टेक’ चालू होतं.

भीमरावांनी गाइड मिटून बाजूला ठेवलं आणि वर्गाला विचारलं, आपण काय काय लावतो? कुणी म्हणालं दिवा, कुणी दार. मग रोप, वेळ, वळण, जीव, बोल, सगळं निघालं. मागून एकाने “सासूला चुना” असं म्हटलं आणि बायका हसल्या. यातलं काही कुणी पाठ केलं होतं का, भीमरावांनी विचारलं. ‘टेक’चंही तसंच आहे, ते म्हणाले. तो एकटा शब्द नाही. फोटोबरोबर आला की काढणे, औषधाबरोबर आला की घेणे, मुलाला शाळेत न्यायचं असेल तर नेणे, वेळेबरोबर लागणे, खुर्चीबरोबर बसणे. शेजारी कोण बसलंय ते बघा, मग अर्थ कळतो. गाइडातले समानार्थी शब्द सगळे खरे आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी. पोलिसांच्या सीझला औषधाच्या बाटलीपाशी काम नाही.

हे अंगवळणी पडावं म्हणून त्यांचा एक नियम होता. इंग्रजी वाक्य पेनाने लिहायचं आणि क्रियापदाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक मराठी शब्द लिहायचा: काढ, ने, लाग, बस. जिथे मराठी शब्द सुचत नाही तिथे इंग्रजीही चुकलंय असं समजायचं. बकुळाबाईंना हा नियम मानवला. बटण लावायच्या जागेवर खडूची खूण करून मग सुई घालायची, त्यातलाच तो प्रकार होता. पेन्सिल त्या अंबाड्यात खोवून ठेवत. पावसाळाभर टेक, गेट, पुट, मेक असे शब्द होत गेले आणि मराठी डोक्यावर घेऊन वाक्यं बरोबर येऊ लागली.

८९च्या ऑक्टोबरचा पेपर उल्हासनगरच्या एका शाळेत होता. भीमरावांनी दुपारची सुट्टी टाकली आणि ते फाटकापाशी थांबले. बकुळाबाई हसत बाहेर आल्या. निबंध ओळखीचा होता, उतारा सोपा होता, वेळही पुरला. भीमरावांनी त्यांच्या अंबाड्याकडे बघितलं आणि विचारलं,

“वहिनी, पेन्सिल आत कशाला नेली होती?”

बकुळाबाईंनी डोक्याला हात लावला. त्यांनी सगळ्या पेपरभर क्रियापदांवर मराठी शब्द लिहिले होते आणि एकही खोडला नव्हता.

भीमराव तडक शाळेच्या कार्यालयात गेले. तिथला लिपिक म्हणाला की गठ्ठा सीलबंद होऊन गेला, आता काही करता येत नाही. पेन वेगळं, पेन्सिल वेगळी, वर दुसरीच भाषा. तपासणाऱ्याला ओळखीच्या खुणेचा संशय आला तर तो पेपर बाजूला काढतो. मग चौकशी होईपर्यंत निकाल राखून ठेवतात. चौकशी किती चालते, हे त्याला माहीत नव्हतं. नापास झालं तरी एक वेळ बरं, निदान कळतं, असंही तो म्हणाला.

त्यानंतर बकुळाबाईंचं अन्नावरचं मन उडालं. ताटात घेतलेलं तसंच राहायचं. सुंदराबाईंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. तो त्यांनी भीमरावांसाठी राखून ठेवला होता. ते घरी आले तेव्हा त्यांच्यापुढे चहा ठेवत त्या म्हणाल्या, “लिहायला शिकवलंस बाबा, खोडायला कोण शिकवणार होतं?” भीमरावांनी चहा अर्धा टाकला. पुढच्या रविवारी वर्गात त्यांनी पेन्सिली बंद केल्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निकाल शाळेत आला. भीमरावांना रजा मिळाली नाही आणि बकुळाबाईंना कुणी सोबत नकोच होतं. त्या शेअर रिक्षाने एकट्या गेल्या. त्याच लिपिकाने गठ्ठ्यातून गुणपत्रिका काढून सही घेतली. इंग्रजीपुढे अडतीस होते. खाली कसलाही शेरा नव्हता. बकुळाबाईंनी पेन्सिलीचं काही कळलं का, असं विचारलं. लिपिकाने मान वर न करता सांगितलं, “बाई, पास झालात ना? मग विचारू नका. जा घरी.”

त्या घरी गेल्या नाहीत. गोल मैदानाजवळ दाल-पकवानची गाडी लागली होती. इतकी वर्षं त्या तिथूनच शर्टांचं गाठोडं घेऊन जात होत्या, पण बाईमाणसाने एकटीने रस्त्यात उभं राहून खाणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी एक प्लेट घेतली. कांदा जास्त मागितला. ती संपल्यावर दुसरी घेतली आणि तीही सावकाश, शेवटचा तुकडा डाळीत बुडवून, संपवली. मग नळावर हात धुऊन रिक्षा पकडली.

सुंदराबाई दारातच बसल्या होत्या. एवढा उशीर कुठे झाला, त्यांनी विचारलं.

“खात होते,” बकुळाबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंनी सुनेकडे नीट बघितलं.

“म्हणजे पास झालीस,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरीसाठी काढलेलं तिच्या वाटणीचं पीठ पुन्हा डब्यात टाकलं.