पेठच्या पलीकडे, दुसऱ्या पंचाच्या शोधात

एसटीच्या पार्सलने आलं ते असं: नागली चार किलो, कुळीथ एक किलो आणि सुषमाचा खाकी शर्ट, उजवी बाही कुणी ओढल्यासारखी खांद्यापासून फाटलेली. हमालीसकट नव्वद रुपये. चिठ्ठीत एवढंच, "आत्या, बाही शिवून ठेव."

सुषमा माझ्या भावाची मुलगी. पेठच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीवर वनरक्षक आहे. दिवाळीत तिनेच मोबाईलवर कुर्दी लोकांचा एक सिनेमा दाखवला होता. ओसाड डोंगर, हद्द, नवा आलेला पोलीस आणि कायदा खिशात घालून फिरणारा गावचा दादा. "आत्या, हे आमचंच गाव," म्हणाली होती. तेव्हा मी हसले होते. आता बाही शिवली, मारुतीला नारळ ठेवला आणि निघाले.

पेठपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. घाट लागतो, उलटीची गोळी जवळ असू द्या. पुढे जीप, पन्नास रुपये. गच्च भरल्याशिवाय सुटत नाही. खानावळ नाही, म्हणून दशम्या न्याव्यात.

पोचले तर सुषमा बुधीबाई नावाच्या म्हातारीच्या घरामागे, जंगलाच्या कडेला उभी. आदल्या रात्री खैराची झाडं तोडून गाडी हद्दीपार गेली होती. चार ओंडके मागे राहिले होते. सिनेमातल्या पोलिसाकडे पिस्तूल होतं. हिच्याकडे लाकूड मोजायची टेप आणि पंचनाम्याचा कागद. त्यावर दोन पंच लागतात. एक सही माझ्या जीपवाल्याने केली. दुसरा पंच मिळेना.

"तू जाशील बदलीवर," एक म्हातारा सुषमाला म्हणाला. "आमाला अठंच रहाचा आहा."

"मी करते सही," मी म्हटलं.

"आत्या, घरचं माणूस चालत नाही."

इथेही सिनेमातल्यासारखा एक दादा आहे, लाकूड त्याचंच जातं. त्याचा माणूस मोटरसायकलवर बसून बघत होता. "काय मावशी, त्र्यंबकला जायचं सोडून इकडं कुठं वाट चुकल्या?"

मला राग आला. बुधीबाई एकट्या राहतात. आल्या आल्या मला पाणी त्यांनीच दिलं होतं. त्यांना म्हटलं, "ओंडके तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. खऱ्याच्या पाठीशी देव असतो."

"तो रातचा राखणीला येल का?"

एवढं विचारून त्यांनी पदराला अंगठा पुसला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

"आजे," मोटरसायकलवरचा म्हणाला, "शाई लवकर निघत नाही हां."

सकाळी हातपंपावर बुधीबाईंनी हंडा लावला. बाकीच्या बायकांनी आपापले रिकामे हंडे उचलले आणि निघून गेल्या. माझी जीप भरली होती, मी चढले.

शेजारणी विचारतात, जाण्यासारखं आहे का? डोंगर देखणा आहे. पण मी दुसरीच्या दारात देवाचा हवाला देऊन आले आणि स्वतः माझ्या घरी कडी लावून झोपते. पूजेला बसलं की तोच प्रश्न कानात येतो.

तिकडे रेंज नाही, म्हणून कार्ड टाकलं: "सुषमा, मी पोचले. बुधीबाईंशी कुणी बोलतं का? तू तरी रात्री त्यांच्याकडे झोपायला जातेस ना? उलट टपाली कळव."