पिवळी काच

सिदू तात्या ज्याचा फोटो काढत, त्याच्याकडे कधी थेट बघत नसत. पोटाशी धरलेल्या चौकोनी कॅमेऱ्यात ते मान खाली घालून बघत, आणि समोरच्याला वाटे, हा माणूस आपल्याला नमस्कारच करतोय. कोरेगावातली निम्मी माणसं तेवढ्यानंच फुगायची. छाती पुढे, मिशी वर. तात्या मान न उचलता म्हणायचे, "एवढा फुगू नगंस गड्या, चौकटीत मावंना झालायस."

माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. मी दोन धंदे करतो, वह्या विकतो आणि गप्पा मारतो. पैकी दुसरा बरा चालतो. तात्यांना वह्या नको असत आणि माझ्या गप्पांवर त्यांचा विश्वास नसे. तरी ते रोज सकाळी माझ्या फळीवर येऊन बसत, आभाळाकडे बघत आणि निकाल देत. "आज आभाळाला अंग हाय." नाहीतर, "आज न्हाई." अंग म्हणजे ढगांचा उठाव; तो नसलेल्या दिवशी त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला एक मशीन येऊन पडलं होतं, त्याकडे ते पाहुण्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघत.

त्यांचा जुना कॅमेरा दोन डोळ्यांचा. एकावर एक अशी दोन भिंगं. वरच्यातून माणसानं बघायचं, खालचं फिल्मचं. काळ्या-पांढऱ्या फिल्मला निळं आभाळ पांढरंफटक दिसतं, म्हणून तिच्या डोळ्यापुढे पिवळी काच लावायची. मग आभाळ काळसर होतं आणि ढग उठून दिसतात. तात्यांची तसली काच फार पूर्वी एका वरातीत घोड्याच्या टापेखाली गेली. पुढे रंगीत फिल्म आली, मग मोबाइल आले, आणि तीस वर्षं काचेची आठवण कुणाला झाली नाही.

गेल्या गणपतीत त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. ही गोष्ट मोठी होती, कारण दोघे भाऊ बोलत नव्हते. घर धनगराचं. जतच्या बाजूच्या माळावर वडिलांचा कळप होता. तरुण तात्यांनी आपल्या वाटणीच्या मेंढ्या विकून हा कॅमेरा घेतला आणि कोरेगाव गाठलं. थोरल्यांनी एवढंच म्हटलं होतं, की एका डबड्यापायी जित्राब विकणाऱ्याचं तोंड मला दाखवू नका. आता थोरले ऐंशीच्या पुढे गेले होते. मुलं नोकरीला, मेंढरांमागं फिरायला कुणी नाही. दिवाळी झाली की कळप विकायचा ठरला होता. त्याआधी एक फोटो हवा होता. रंगीत नको. त्यांच्या घरात वडिलांचा एक फोटो होता, घर सोडायच्या आधी तात्यांनीच काढलेला. वर काळंभोर आभाळ, खाली पांढरी मेंढरं. तसाच हवा.

फोन ठेवून तात्या माझ्या फळीवर आले. "काच पायजे रं," म्हणाले. "पांढरी मेंढरं, पांढरं आभाळ. काचंबिगर दूध सांडल्यागत हुईल."

फिल्म पोस्टानं मागवता आली, काच नाही; मग आम्ही ती शोधायला निघालो. ती काच साधी नव्हे. आट्यांवर पिळून बसवायची चालत नाही. खाचेत ठेवून फिरवली की अडकते, आणि ती खाच त्याच जातीच्या कॅमेऱ्याला असते. कराडला एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकानं चहा पाजला, मेलेल्या सामानाचे सहा ड्रॉवर उघडून दाखवले आणि निघताना तात्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. सांगलीत तात्यांच्या ओळखीच्या स्टुडिओच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान निघालं. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, फिल्टर तर फोनमध्येच येतात, आणि तिनं लगेच तात्यांचा फोटो काढून दाखवला. तात्यांच्या डोक्यावर कुत्र्याचे कान होते. जीभही बाहेर होती. तात्यांनी फोन नाकाशी नेऊन बराच वेळ बघितला. "ह्यो मी न्हवं," म्हणाले, "पन दादाला दाव. मेंढरं राखाय ठेवंल."

परतीची एसटी विट्याला थांबली. विट्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा साडू विट्याचा, कोइमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. विट्याकडचे गलाईवाले हिंदुस्थानातल्या प्रत्येक शहरात बसलेत. देवालासुद्धा एवढ्या शाखा नसतील. साडूनं त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. पुढचे पंधरा दिवस माझ्या फोनवर देशभरातून फिल्टरांचे फोटो येत होते. कानपूरहून पाणी गाळायचा आला, विजयवाड्याहून मोटरसायकलचा. तात्या प्रत्येक फोटो मन लावून बघत आणि मान हलवत. शेवटी कोलकात्याच्या एका म्हाताऱ्या गलाईवाल्यानं मोडीत निघालेल्या स्टुडिओतून बाटलीच्या बुचाएवढी काच उचलली आणि चामडी डबीसकट पाठवून दिली. ती आली, तेव्हा कळप जायला तीन दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी माळावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आभाळाला अंग होतं. माडग्याळी जातीची मेंढरं, पांढरी, अंगावर कुठं कुठं तपकिरी डाग, टेकाडावर पसरलेली. थोरले घोंगडी पांघरून उभे. पन्नास वर्षांनी दोघे भाऊ समोर आले.

"आलास?"

"आलो."

"डबडं त्येच हाय व्हय?"

"त्येच."

झालं एवढंच. तात्यांना डबीचं झाकण उघडेना. त्यांनी डबी माझ्याकडे दिली आणि काच लावायला सांगितली. दुपारी टेम्पो यायचे होते, मेंढरं हलत होती, आणि सगळ्या नाटकात आपल्यालाही एक काम मिळालं या आनंदात मी काच खाचेत फिरवली. खट् असा सुरेख आवाज झाला. तात्यांनी खाली बघितलं, काच उजेड खाते म्हणून उजेडाचं एक घर वाढवलं आणि फिल्मवरचे बाराच्या बारा फोटो काढले. त्या सकाळच्या तात्यांइतका सुखी माणूस मी कोरेगावात पाहिलेला नाही.

दुपारी टेम्पो आले. थोरल्यांनी एकेका मेंढीला हात लावून चढवलं. शेवटचा टेम्पो गेल्यावर, मेंढरं कोंडायच्या जाळ्या घडी करून त्यावर ते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कोरेगावला तात्यांनी न्हाणीघराच्या फटी गोधड्यांनी बुजवून फिल्म धुतली. ओली पट्टी घेऊन खिडकीशी आले आणि मला हाक मारली. पट्टीवर सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं दिसतं.

"आभाळ कसं आलंय? करडं का काळं?"

ते काळंकुट्ट होतं, म्हणजे फोटोत पांढरं. मी म्हटलं, "करडं."

तात्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "मग मेंढरं मोजून दाव."

मी मोजू शकलो नाही. टेकाडावर थोरले तेवढे दिसत होते. बाकी आभाळ, वाळलेलं गवत, मेंढरं, सगळा एक गोळा होता.

"काच कुठल्या डोळ्याला लावलीस?"

मी कॅमेरा आणून बघितला. काच अजून त्यावरच होती. वरच्या भिंगावर. दोन्ही भिंगांना खाच सारखीच असते. तात्यांना बघायला पिवळी काच मिळाली होती, आणि फिल्म बिचारी उघड्या डोळ्यानं उन्हात उभी होती, वर जादाचा उजेड सोसत.

मी कायकाय बोललो ते आठवत नाही. मी बोलण्यात हुशार आहे, पण त्या दिवशी एक वाक्य धड झालं नाही. तात्यांनी मला थांबवलं.

"तुजी चूक न्हाई रं. वरनं बघताना पिवळं दिसलं की नवशिक्या पोरालाबी कळतं, काच चुकीची लागलीया. मला कळाय पायजे हुतं." मग अगदी हळू, "मला समदंच पिवळं दिसतंय. दोन वरसं झाली. मोतीबिंदू पिकलाय. कुनाला बोललो न्हाई."

रोज सकाळी माझ्या फळीवर बसून आभाळाचा निकाल देणारा माणूस दोन वर्षं ते आभाळ पिवळं बघत होता, आणि मी शेजारी बसून गप्पा मारत होतो.

तात्या गेल्या माघात गेले. ऑपरेशनची तारीख घेतलेली होती, त्याआधी छातीत दुखायचं निमित्त झालं. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी वरातीतल्या घोड्याचा आणि कुत्र्याच्या कानांचा किस्सा सांगतो. लोक हसतात. पुढचं मात्र मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

फोटो द्यायला आम्ही दोघेच गेलो होतो. कितीही खटपट करून छापला तरी कागद पांढराच आला होता. मधे घोंगडीतला म्हातारा, आणि पांढऱ्यात कुठं कुठं तरंगणारे पुसट डाग. तात्यांनी तो थोरल्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "दादा, बिघडला. माज्या डोळ्यापायी मेंढरं गेली."

थोरल्यांनी कागद उजेडाला धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. आता फाडतात की काय असं मला वाटलं. मग त्यांनी एका डागावर बोट टेकवलं.

"ही बाशिंगी. हिच्या कपाळाला डाग हुता." बोट पांढऱ्यात थोडं सरकलं. "हिच्या मागं चंद्री. लंगडत हुती तवा. आन हितं तिचं कोकरू, अंगाला चिकटून."

तात्या त्यांच्या शेजारी बसले. कागदाजवळ तोंड नेऊन त्यांनी खूप वेळ बघितलं.

"मला दिसंना, दादा."

"मग ऐक," थोरले म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मेंढीवर बोट ठेवलं.