कोरडा अंबाडा

आमच्या सासूबाईंची नवऱ्याविषयी तक्रार एकच होती, पण ती त्यांनी साठेक वर्षं शिळी होऊ दिली नाही. लग्नाच्या आधी सासऱ्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा त्यांचा अंबाडा कोरडा राहिला.

आमच्यातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, डोक्यावर पाण्याचे चार थेंब पडले की बाप्तिस्मा झाला. आम्ही बॅप्टिस्ट. आमच्यात माणूस कळत्या वयात आपल्या तोंडाने विश्वास सांगतो, हौदात उतरतो आणि पाळकसाहेब त्याला अख्खा बुडवतात. अख्खा म्हणजे अख्खा. सासूबाईंच्या वेळी हौद लहान होता. माणसाने त्यात गुडघ्यावर बसायचं आणि पाळकसाहेबांनी डोकं धरून खाली न्यायचं, अशी पद्धत. सासूबाई नुकत्याच शाळेत शिकवायला लागलेल्या, उंच्यापुऱ्या, अंगाने भरलेल्या. सासरे नवे पाळक, काडीपैलवान, आणि हा त्यांचा पहिलाच बाप्तिस्मा. मास्तरीणबाईंचं डोकं दाबायला त्यांचा हात धजला नसावा. सासूबाई वर आल्या, त्यांनी पहिला हात अंबाड्याला लावला आणि तो खडखडीत कोरडा.

“गेला होता पाण्यात. मी स्वतः पाहिला,” सासरे म्हणायचे.

“डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतात तुम्ही. काय पाहिलंत?”

वर्षभरात दोघांचं लग्न झालं. अर्धवट काम करणाऱ्या माणसावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं, असं कारण त्या द्यायच्या. मंडळी सासऱ्यांना पाठवील तिथे त्या गेल्या. आधी मलकापूर, मग वारणानगर, शेवटी कोल्हापूर. दिवसा शाळा, रविवारी मुलांची शब्बाथ शाळा, मधल्या वेळात कुणाचं बाळंतपण, कुणाच्या मयताला चहा. आणि सगळीकडे शिस्त एकच, बुडवायचं तर पूर्ण. खारी चहात बोटांपर्यंत गेली पाहिजे. पाटी धुवायची ती चौकटीसकट. नातवंडांची अंघोळ झाली की त्या त्यांच्या डोक्यावरून, कानामागून हात फिरवायच्या, आणि कुठे कोरडं लागलं की पोराची परत मोरीत रवानगी. शिरोलीच्या एका कारखान्याचा मालक, त्यांचा जुना विद्यार्थी, एकदा भर बाजारात पाया पडला. आशीर्वादाच्या आधी त्यांनी त्याच्या कानामागे बघून घेतलं.

माझं माहेर चार थेंबवाल्यांचं. त्यामुळे लग्नाआधी मला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागला. तोवर हौद मोठा झाला होता आणि सासरेही सराईत झाले होते. त्यांनी मला व्यवस्थित खाली नेलं आणि वर आणू लागले, तर काठावर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंनी वाकून माझ्या टाळूवर तळहात ठेवला. “थांबा, अजून थोडं.” मी ठसकत, जीव मुठीत धरून बाहेर आले. माझा सुनेचा राग तिथेच सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षं पुरला.

पंच्याऐंशी ओलांडल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठल्या आणि म्हणाल्या, “मला परत बाप्तिस्मा हवा. प्रभूसमोर मी अर्धी जाणार नाही.”

आम्ही हसलो. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. ही बाई खरोखर भ्यायली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटेशी बसून धीर दिला आणि स्वतःची खात्री मात्र नव्हती. तिकडे सासऱ्यांनी अन्न टाकलं. परत बाप्तिस्मा द्यायचा म्हणजे पहिला झालाच नाही म्हणायचं. पुढे त्यांनी कितीतरी माणसं बुडवली, पण पहिला तो पहिला. दोघांच्या मध्ये उभी राहून मी आमटी वाढायची, आणि मला दोघांचंही वाईट वाटायचं.

रविवारी उपासनेनंतर मंडळीचे नवे पाळक आणि दोन पंच घरी आले. मी भडंग ठेवलं. नवे पाळक म्हणाले, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. सासूबाई म्हणाल्या, एकदा तरी पुरा व्हायला नको का? त्यावर पंचांपैकी एकजण, जन्म फौंड्रीत गेलेले, भडंगाची मूठ तोंडाशी थांबवून म्हणाले, “बाई, अख्खा जॉब रिजेक्ट कशाला करायचा? ऱ्हायलंय तेवढंच बुडवूया की. बादलीत.”

त्यात काय चुकलं ते कुणाला सांगता येईना. नवे पाळक बायबल चाळायला लागले. दुसऱ्या पंचांनी बादली स्टीलची घ्यायची की प्लॅस्टिकची, ते विचारलं. सासूबाई मला म्हणाल्या, “अंबाडा सोड.”

मी पिना काढल्या आणि अंबाडा अख्खा माझ्या हातात आला. ते गंगावन होतं, विकतच्या केसांचं, महाद्वार रोडवरून मीच आणून दिलेलं. रोज सकाळी ते बसवणारी मी, आणि त्या गडबडीत मीही विसरले होते. खाली त्यांचे स्वतःचे पांढरे चार केस.

“आता ह्यो कुणाचा बाप्तिस्मा म्हणायचा?” फौंड्रीवाले पंच हळूच म्हणाले.

कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेले सासरे उठले. काठी टेकत आले आणि त्यांनी त्या उघड्या टाळूवर हात ठेवला.

“अगं, जे केस कोरडे राहिले होते ते कधीच गळून गेले. आता उरलीस ती पुरी भिजलेली.”

नवे पाळक आमेन म्हणाले. पंचही म्हणाले. सासूबाई मात्र ताठ झाल्या.

“म्हणजे कोरडे राहिले होते.”

सासरे भडंगाकडे बघायला लागले.

“बोला की. राहिले होते ना?”

जन्मभर व्यासपीठावरचं शुद्ध मराठी बोललेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “व्हय. ऱ्हायलते.”

सासूबाईंनी गंगावन मांडीवर घेतलं, त्यावरून दोनदा हात फिरवला आणि मला चहा टाकायला सांगितलं. बादलीचं नाव पुन्हा निघालं नाही. सासरे त्या दुपारी पोटभर जेवले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, चेहऱ्यावर भीती नव्हती. मी आणि नणंद त्यांना शेवटची अंघोळ घालत होतो. बाहेर मंडळी जमून गीत म्हणत होती, आणि दाराला लागून खुर्चीवर सासरे बसले होते. मध्येच त्यांचा आवाज आला.

“सूनबाई, डोकं सगळं भिजलं का?”

मी सासूबाईंच्या टाळूवरून, कानामागून, मानेवरून हात फिरवला. त्या नातवंडांच्या फिरवायच्या तसाच.

“सगळं भिजलं, बाबा.”



“अजून थोडं घाल,” ते म्हणाले.

मी आणखी एक तांब्या घातला.