आंधळ्या मिस्त्रीची बोटं

आमच्या ह्यांना धक्क्यावर सगळे आंधळा मिस्त्री म्हणतात. डोळे अगदी ठणठणीत आहेत. भाजीतला केस त्यांना ताट वाढायच्या आधीच दिसतो. पण लाँचच्या पोटात शिरून अडकलेले नट, कॉक, नळ्या सोडवायचं त्यांचं काम, आणि ते करताना हा माणूस डोळे मिटून घेतो. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, झोप लागली की काय! खांद्यापर्यंत हात फळ्यांखाली, गाल लाकडाला टेकलेला, तोंड किंचित उघडं. हाक मारली तर म्हणाले, "गप्प बस जरा. बघतोय मी."

आत दिसायला काही नसतंच. इंजिन, पाण्याची टाकी आणि लाकडी बरगड्या यांच्या फटीतून एक हात जेमतेम जातो. डोकं जात नाही आणि बॅटरीचा उजेड हाताच्याच सावलीत अडतो. त्यामुळे हत्यारं निवडायची ती बाहेर, आत जायच्या आधी. फळीवर ती मांडून हे अर्धा अर्धा तास बसायचे. गिऱ्हाइकाचा जीव वरखाली व्हायचा.

"लांब दांड्याचा घ्या की मिस्त्री, जोर बसेल," असं कुणीतरी म्हणायचंच. कधीही होडीत वाकून न बघितलेला माणूसही ते म्हणायचा.

"फिरवू कुठे? तुमच्या खिशात?" हे विचारायचे.

लांब पान्याला आत फिरायला जागा नसते. आणि जागा मिळाली तर त्याहून वाईट, कारण तेवढ्या जोराने जुनं पितळ मान टाकतं. म्हणून यांची हत्यारं सगळी आखूड, काही तर मुद्दाम कापून आखूड केलेली. जिथे पान्याला धरायला कड नाही तिथे पट्ट्याचा पाना. कुठेही एक पाना कधीच नाही, नेहमी दोन. एक खालचा भाग धरून लाकडी बरगडीला अडकवून ठेवायला, दुसरा वरचा नट फिरवायला. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवायचं, कामाआधी गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचं. प्रत्येक हत्यार दोरीने कमरेला बांधलेलं, कारण इंजिनाखाली पडलेला पाना पुन्हा भेटत नाही. आणि अंधारात कोणता कोणता हे कळावं म्हणून दांड्यांवर दोऱ्याचे वेढे. एक वेढा, दोन वेढे, तीन.

"जोर लावायला बैलसुद्धा चालेल," हे म्हणायचे. "सुटतंय की तुटतंय हे कळायला बोटं लागतात." सुटणारा नट आधी एक हिसका देतो आणि मग आटे खरखरत मोकळे होतात. तुटणारं पितळ हिसका देत नाही, ते नुसतं मऊ पडतं, ओल्या मातीत खिळा फिरावा तसं. आणखी एक खूण त्यांनी मला शिकवली होती. चांगलं पितळ पिवळं असतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून ते आतून कुजलं की गुलाबी होतं, आणि खरवडलं तर बोटाला गुलाबी भुकटी लागते. "गुलाबी दिसलं की हात बाहेर काढायचा. लाँच किनाऱ्यावर ओढायची, मग पुढचं." तीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

मला पहिली शंका आली ती स्वयंपाकघरात. उकळत्या पातेल्यावरचं झाकण यांनी उघड्या हाताने उचललं, बाजूला ठेवलं आणि आत काय शिजतंय ते शांतपणे विचारलं. मी आधी खूश झाले की नवरा मदतीला आला. मग त्यांच्या बोटांवर पांढरे डाग दिसले. त्यानंतर शर्टाचं वरचं बटण उघडंच राहायला लागलं. "उकडतं," म्हणे! थंडीच्या दिवसांत?

मी भांडून, रुसून, शेवटी दोन दिवस अबोला धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीने बोटं टोचली. "टोचलं की सांगा." ह्यांनी पाच वेळा सांगितलं. टोचलं होतं दोनदा, आणि तेही यांनी सांगितलं त्या बोटाला नाही. तीस वर्षं हातोडीचे दणके आणि गार पाणी सोसून नसा मेल्या होत्या. गेलं ते परत यायचं नाही, डॉक्टर म्हणाले. आम्ही घरी परतलो. दारात कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. ती मी उचलली तेव्हा म्हणाले, "हे कुणाला बोलायचं नाही."

मी बोलले नाही. मी त्याहून मोठा शहाणपणा केला. पान्यांवरचा बारीक दोरा काढून जाड सुतळी गुंडाळली, वेढ्यांच्या जागी गाठी मारल्या. महिन्याभराने त्या गाठी मोठ्या केल्या. हे सकाळी पिशवी उघडायचे, गाठींवरून अंगठा फिरवायचे, आणि पिशवी बंद करायचे. मला वाटायचं, आपण केवढा संसार सावरतोय.

मग मी धक्क्यावरही जायला लागले. डबा द्यायच्या निमित्ताने जायचं आणि विणकाम घेऊन लाँचवरच बसायचं. लोकांना आयतीच गंमत मिळाली. "वहिनी, मिस्त्रींवर पहारा का? आत काही बायका लपलेल्या नाहीत." मी म्हणायचे, "असत्या तर बरं झालं असतं, एखादी तरी भांडी घासायला उपयोगी पडली असती." सगळे हसायचे. माझं लक्ष मात्र फळ्यांखाली गेलेल्या त्या खांद्यावर असायचं.

त्या दिवशीचं काम नावाड्याच्या लाँचवर होतं. त्याची लाँच खाडीपलीकडच्या माणसांना दिवसभर इकडून तिकडे नेते. लाँचच्या तळाला एक भोक असतं, इंजिन थंड ठेवायला पाणी तिथून आत येतं. त्या भोकावर पितळी कॉक, कॉकवर नट, नटाला रबरी नळी. नळी चिरली होती, ती बदलायची तर नट सोडवायला हवा. कॉक बंद केला की पाणी थांबतं आणि काम निवांत होतं. फक्त कॉकच्या खालची मान मोडली तर खाडीचं पाणी आणि लाँच यांच्या मधे काही उरत नाही.

"किनाऱ्यावर ओढून घेऊ," हे आधी म्हणाले.

"पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नाही हो," नावाडी म्हणाला. "आणि माणसं पलीकडे कशी जाणार? मिस्त्री, दुसरा कुणी असता तर मी मागे लागलोच नसतो. तुमच्या बोटांवर माझा पूर्ण भरवसा."

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हत्यारं मांडायला बसले. मला त्यांचा राग आला. नाही म्हणायला काय झालं होतं? पण नाही म्हटलं असतं तर तो का म्हणून विचारणार होता, आणि त्या 'का'ची आम्हा दोघांनाही भीती होती.

त्यांनी निवड बिनचूक केली, हे मी आजही सांगेन. धरायला पातळ जबड्याचा पाना, फिरवायला सगळ्यात आखूड. लाकडी बूच दोरीने कॉकशेजारी बांधून ठेवलं, कारण पाण्यावर काम करताना ते बांधल्याशिवाय हे पान्याला हातच लावत नाहीत. मग आडवे झाले, डोळे मिटले आणि खांदा आत गेला.

पहिल्यांदा जोर लावला, काही हललं नाही. गरम फडकं गुंडाळलं, थोडं थांबले. पुन्हा जोर. मग पान्याची पकड बदलायला त्यांनी हात बाहेर काढला आणि डोळे उघडले. तर्जनीच्या टोकाला काहीतरी लागलं होतं. मी जवळ होते, मला स्पष्ट दिसलं. गुलाबी भुकटी होती.

त्यांनी ते बोट अंगठ्यावर चोळलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नावाडी माझ्या पाठीमागे उभा होता. मी बोलले असते तर त्याने विचारलं असतं की मिस्त्रींना स्वतःला कसं कळलं नाही, आणि सहा महिने झाकलेलं सगळं तिथेच उघडं पडलं असतं. मी विणकामात सुई घातली आणि त्यांच्याकडे बघून हसले.

त्यांचा हात पुन्हा आत गेला.

"येतंय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "छान मऊ येतंय."

मऊ हा शब्द ऐकला आणि मी विणकाम टाकून पुढे सरले. मी "थांबा!" म्हणेपर्यंत आतून फट्कन आवाज झाला आणि पाणी फळ्यांवर उसळलं.

हे घाबरले नाहीत. दोरी ओढून बूच धरलं आणि भोकात दाबलं. पण ते तिरकं बसलं होतं. पाणी चहूकडून येतच होतं, आणि यांचा हात बूच बसलं असं समजून ठोकत होता. मग पाणी लाल व्हायला लागलं.

"हात कापलाय तुमचा!" मी ओरडले.

"कुठे?" ते म्हणाले.

मनगटापासून तळव्यापर्यंत हात फाटला होता आणि हा माणूस कुठे म्हणून विचारत होता. नावाडी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याला सांगायचं काही उरलंच नव्हतं.

मी यांना बखोटीला धरून मागे खेचलं आणि तिथे स्वतः आडवी झाले. माझा हात बारीक, सरळ आत गेला. पाणी असं गार होतं की दात वाजले. भोकाची मोडकी कड बोटाला लागली, ती टोचली आणि टोचली म्हणूनच कळलं कुठे काय आहे. अर्धा विणलेला स्वेटर बुचाला गुंडाळला, बूच भोकात सरळ रोवलं. नावाड्याने लाकडी हातोडा माझ्या हातात दिला. चार घाव घातल्यावर पाणी झिरपण्यावर आलं. लाँच ओढत किनाऱ्याला आणेपर्यंत मी बुचावरचा हात काढला नाही.

दवाखान्यात टाके घालत असताना हे खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा हात शिवला जात होता. नावाडी घराच्या फाटकापर्यंत सोडायला आला. "हात बरा होऊ द्या, मिस्त्री," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला. पुन्हा कधी बोलावतो, हे तो म्हणाला नाही. दुपारपर्यंत धक्क्यावर सगळ्यांना कळलं होतं.

संध्याकाळी मी हत्यारं पुसून सुकवायला घेतली. सुतळी भिजून फुगली होती, ती कात्रीने कापायला बसले. हे समोर भिंतीला टेकून बसले होते, बांधलेला हात मांडीवर. 

"तुला ती भुकटी दिसली होती ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. "दिसली होती," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण चोळून पाहिलं तर बोटाला भुकटी लागलीय की नुसता गंजाचा डाग, तेच कळेना. म्हणून तुझ्याकडे पाहिलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. "तू हसलीस. मग मी म्हटलं, गुलाबी नसणार."