चेकवरचे राव

मला त्या माणसाला माफ करायचं नाही, हे आधीच सांगते. माफ कर, मन हलकं होईल, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. कॉलेजातल्या आमच्या मॅडमनीही सांगितलं. मी प्रयत्न करून पाहिला. मग लक्षात आलं की मला मन हलकं करायचंच नाहीये.

आम्ही गौलीगुड्यात राहतो. बाबा अफझलगंजला एका हार्डवेअरच्या दुकानात सेल्समन होते आणि आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. सातवीपर्यंत मी इथल्या मराठी शाळेत होते, पुढे इंग्रजी माध्यमात गेले, आणि आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. बिलं माझ्याकडे आली, कारण इंग्रजी माझ्याकडे होतं. डॉक्टर मला इंग्रजीत सांगायचे आणि मी ते आईला मराठीत सांगताना थोडं कमी करून सांगायचे. बाबा बरे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. पण औषधांनी दुखणं आटोक्यात राहील, जेवण पोटात टिकेल, असंही म्हणाले होते. आम्हाला तेवढंच हवं होतं. त्या औषधांचे पैसे आधी भरावे लागत.

आमच्या मराठी लोकांचं इथे एक छोटं मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष साड्यांचे व्यापारी आहेत. मी त्यांना काका म्हणायचे. बाबांसाठी मंडळानं वर्गणी काढायची ठरवली आणि लोकांनी खरंच भरभरून दिलं. रसवंतीवाल्यानं दिलं, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोन नर्स बहिणींनी दिलं. चार-पाच दिवसांत चांगली रक्कम जमली. मी काकांच्या दुकानात गेले.

"काका, हॉस्पिटलात सोमवारी पैसे भरायचेत."

"हौ बेटा, पैसे तयारच आहेत. स्नेहसंमेलनात देऊ ना."

"स्नेहसंमेलन तर महिनाअखेरीला आहे."

"मग काय झालं? लोकांनी दिलंय, लोकांना दिसायला नको का? उद्या कुणी म्हणेल, अध्यक्षानं खाल्ले." ते हसले आणि गिऱ्हाइकाला साडीचा पदर उलगडून दाखवायला लागले.

मी तिथेच उभी राहिले. मोठ्या माणसांसमोर मला बोलायला कधीच सुचत नाही. सोमवारचे पैसे आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरले.

स्नेहसंमेलनाला बाबांना दोघांनी धरून स्टेजवर नेलं. दरवर्षी जेवणाच्या वेळी वाढप्यांवर देखरेख करणारा माणूस तो. "भाताकडे बघ, भात संपतोय," असं ओरडत फिरायचा. त्या दिवशी तो खुर्चीत बसला होता आणि त्याचा शर्ट खांद्यावरून घसरत होता. काकांनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं. नारळ बाबांच्या हातात राहीना, म्हणून काकांनी त्याला खालून हात लावला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हं, आता घे." मग चेक दिला. त्याचाही फोटो. मग माईकवर, "हे कुटुंब आपलं आहे, मंडळ यांच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे." टाळ्या.

घरी येऊन मी चेक पाहिला. बाबांच्या नावाला 'राव' लावलेलं होतं. आमच्या लोकांत निमंत्रणपत्रिकेवर, फलकावर, सत्काराच्या मानपत्रावर माणसाला राव लावतातच. नुसतं नाव लिहिलं तर उघडंबोडकं वाटतं. तसंच कुणीतरी, आदरानंच, चेकवरही लावलं. बाबांना हसू आलं. "बघ, काका मला वीस वर्षं 'ए' म्हणून हाक मारतात. मरायला टेकलो तेव्हा राव झालो."

बँकेनं चेक घेतला नाही. खात्यावर राव नव्हते.

इथपर्यंत मी कुणाला दोष देत नाही. चूक होते. दुसरा चेक लिहायला पाच मिनिटं लागतात. पण चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांच्या सह्या लागत आणि खजिनदार गावाला गेले होते. ते आले तर काका पुण्याला लेकीकडे. ते आले तर, "बेटा, जरा लग्नसराई होऊ दे, दुकानात उभं राहायला जागा नाही." मी दर दोन दिवसांनी जायचे. पायरीवर चपला काढून उभी राहायचे, कारण आत गिऱ्हाईक असायचं. एकदा ते माझ्यासमोर नोकराला म्हणाले, "पैसा म्हटलं की हे लोक परेशान करून सोडतात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

औषधाचा पुढचा हप्ता आम्ही भरू शकलो नाही. बाबा त्या दिवसांत भिंतीला तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडायचे आणि उशीचा कोपरा दातात धरायचे, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. ते औषध मिळालं असतं तरी बाबा गेलेच असते, हे मला माहीत आहे. पण असे गेले नसते.

तेराव्यानंतर मी पुन्हा दुकानात गेले. काकांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "आता चेक कुणाच्या नावानं काढायचा, सांग बरं? मदत उपचारासाठी होती. आता उपचार राहिले नाहीत. नियम म्हणजे नियम, बेटा." मी चहा प्यायले नाही. एवढंच जमलं मला.

पैसे मिळाले नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी फोटो पाहिला होता. भाजीच्या गाडीपाशी, देवळात, जिन्यात बायका आईला म्हणायच्या, "वहिनी, मंडळानं केवढं केलं हो तुमच्यासाठी!" आणि आई मान हलवायची, "हो ना, उपकार आहेत." कारण मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पोळ्या तिच्याकडे असायच्या. ज्या पैशांनी तिच्या नवऱ्याचं दुखणं थांबलं असतं, आणि जे कधी आलेच नाहीत, त्यांच्यासाठी तिला मान लववावी लागायची. मला त्या माणसाचा सूड हवा होता तो यासाठी. आईची ती मान मला सरळ झालेली बघायची होती.

पुढच्या स्नेहसंमेलनाला काकांचा निरोप आला, आभारप्रदर्शन मी करायचं. "आपल्या मंडळाच्या मदतीनं उभी राहिलेली मुलगी. चार शब्द मंडळाबद्दल बोल. छान दिसतं."

आईला वाटलं, मी नाही म्हणेन. मी हो म्हटलं.

आभारप्रदर्शन कुणी ऐकत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. "शेवटी मी आभार मानते" म्हटलं की खुर्च्या सरकतात आणि माणसं ताटांकडे जातात. मी माईक हातात घेतला तेव्हा निम्मा हॉल रिकामा झाला होता. पण स्टेजवरच्या माणसाला उठता येत नाही. काका हार गळ्यात घालून माझ्याशेजारी बसून होते. आणि मागे जेवणाच्या मांडवातही एक स्पीकर बांधलेला होता.

मी आधी देणगीदारांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, पोळ्या करणाऱ्या माझ्या आईचे मानले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या उपचारासाठी आपण सगळ्यांनी पैसे दिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. ते पैसे सांभाळून ठेवल्याबद्दल अध्यक्षांचे विशेष आभार. त्यांनी ते इतके जपून ठेवलेत की बाबा जाऊन वर्ष होत आलं, तरी अजून आमच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत."

काका हळूच म्हणाले, "ए, बस कर."

मी थांबले नाही. "बँकेनं चेक परत केला, तेव्हा दुसरा लिहायला त्यांना वेळ नव्हता. दुकानात गर्दी होती. त्या गर्दीतही त्यांनी मला पायरीवर उभं राहू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. आणि आता उपचारच राहिले नाहीत, हे मला समजावून सांगताना त्यांनी चहा मागवला होता, त्याचेही आभार. सर्वांनी जेवून जावं."

मांडवातला भांड्यांचा आवाज थांबला होता. एक ताट हातात घेऊन कुणीतरी हॉलच्या दारात येऊन उभं राहिलं, मग आणखी तिघं. नर्स बहिणींपैकी थोरली तिथूनच ओरडली, "अध्यक्ष, हे काय ऐकतोय आम्ही?" काकांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि तो बंद करायचं बटण शोधायला लागले. बटण त्यांना सापडेना. मी ते नीट बघून घेतलं. मला फार बरं वाटलं. लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटत नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "गेल्या माझ्या पोळ्या. झालं समाधान?" दोन दिवस ती माझ्याशी तुटकच वागली.

तिसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी जिन्यातल्याच एका बाईनं विचारलं, "वहिनी, खरंच पैसे मिळाले नव्हते?" मी पिशवी धरून शेजारी उभी होते. आई वांगी निवडत होती. तिनं वर पाहिलं, सरळ त्या बाईच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "नाही. एक पैसा नाही." आणि पुन्हा वांगी निवडायला लागली.

आठवड्यानं काका घरी आले. आईच्या नावाचा चेक घेऊन.

"या भाऊजी," आई म्हणाली. "फोटोवाला खाली थांबलाय का?"

काकांची मान खाली गेली. "वहिनी, झालं गेलं गंगेला मिळालं. लोक दुकानात येऊन विचारतात हो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाक. गैरसमज झाला होता म्हणून. पोळ्यांचंही मग बघू."

आईनं चेक घेतला आणि मला लगेच बँकेत पिटाळलं. पैसे जमा झाले. त्यानंतर ती मला म्हणाली, "टाक त्या दोन ओळी. ऑर्डर परत येईल." तिचं बरोबर आहे. पीठ, गॅस, भाडं, सगळं मला माहीत आहे, हिशोब मीच बघते.

मी अजून टाकलेल्या नाहीत. गैरसमज झाला नव्हता. मी संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या घेते, पोळ्यांची तूट तेवढ्यावर भरून निघत नाही, तरीही. दर पाच-सहा दिवसांनी काकांचा मेसेज येतो, "बेटा, टाकलं का?" मी तो उघडते, म्हणजे वाचलाय हे त्यांना दिसावं. मग फोन उलटा ठेवते आणि अभ्यासाला बसते.